कडू लागलेला मध

अंगात ताप असलेल्या माणसाला पेज दिली, की तो घोटभर घेऊन वाटी बाजूला सारतो. कडू लागते म्हणतो. घरातलं कोणीतरी चमचाभर चाखून बघतं. पेज रोजच्यासारखीच असते, मीठही बेताचं. ‘तुझ्या तोंडाला चव नाही,’ असं त्याला सांगतात आणि विषय तिथेच मिटतो. दोष पेजेत नाही, जिभेत आहे. चार धडधाकट माणसं एका बाजूला, आजारी माणूस दुसऱ्या बाजूला, आणि निकाल चौघांच्या बाजूने.

प्राचीन ग्रीकांना हा निकाल इतक्या सहज पटला नाही. त्यांच्याकडे पेजेच्या जागी मध होता. निरोगी माणसाला गोड लागणारा मध काविळीच्या रोग्याला कडू लागतो, हे उदाहरण त्यांच्या लिखाणात पुनःपुन्हा येतं. ॲरिस्टॉटलने आपल्या आधीच्या विचारवंतांची एक शंका नोंदवून ठेवली आहे. चव ठरवायची कशी, डोकी मोजून? मग समजा सगळं गावच आजारी पडलं आणि दोघे-तिघेच धडधाकट उरले, तर त्या दोघा-तिघांनाच आजारी ठरवलं जाईल. बहुमताने जेवणाचा वाद मिटतो. मध खरोखर कसा आहे, हे त्यातून कळत नाही.

सेक्स्टस एम्पिरिकस नावाचा एक वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमाराला होऊन गेला. तो संशयवादी होता, आणि आपल्या आधीच्या सात-आठशे वर्षांतल्या वादांची त्याने बारकाईने नोंद केली. त्याने याच मधावरून दोन मोठ्या माणसांचे पक्ष सांगितले आहेत. हेराक्लायटसच्या मते मध गोडही आहे आणि कडूही. डिमॉक्रिटसच्या मते तो गोडही नाही आणि कडूही नाही. त्यात प्रोटॅगोरसची भर घालता येईल : ज्याला गोड लागला त्याच्यासाठी गोड, ज्याला कडू लागला त्याच्यासाठी कडू, आणि त्यापलीकडे विचारण्यासारखं काही उरत नाही. खुद्द सेक्स्टस म्हणतो, मध गोड लागतो एवढं मला मान्य आहे. तो मुळात गोड आहे का, यावर मी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही.

जिभेवरच्या एका थेंबावरून निघालेले हे चार रस्ते मला ग्रीक तत्त्वज्ञानातला सर्वांत जिवंत भाग वाटतात. गुहेत साखळदंडांनी बांधलेले, भिंतीवरच्या सावल्यांनाच जग समजणारे प्लेटोचे कैदी बहुतेकांना माहीत असतात. त्या रूपकाची भव्यता मान्य करूनही मी त्याच्यापाशी थांबणार नाही. गुहेतल्या माणसाला बाहेर नेणारी वाट तरी असते. तापाने फणफणलेल्या माणसाने आपल्या जिभेच्या बाहेर कसं जायचं?

प्रश्नाची सुरुवात चवीपासून झाली नव्हती. इ.स.पू. सहाव्या शतकात आयोनियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, मायलेटस हे गजबजलेलं बंदर होतं. तिथला थेल्स म्हणाला, सगळ्याचं मूळ पाणी आहे. त्याच गावचा ॲनॅक्झिमेनीस म्हणाला, हवा. ती विरळ झाली की अग्नी होते, दाटत गेली की ढग, पाणी, माती, दगड. त्यांची उत्तरं आज टिकत नाहीत. पण दगड हा खरं तर दाटलेली हवा आहे असं म्हटल्याबरोबर एक ठिणगी पडली : जे दिसतं ते एक, आणि जे आहे ते दुसरं. डोळ्यांना दगड दिसतो, बुद्धी म्हणते हवा. आता विश्वास कोणावर ठेवायचा?

कोलोफॉनच्या झेनोफेनीसने हा प्रश्न माणसाच्या मोजमापांकडे वळवला. देवाने मध निर्माणच केला नसता तर अंजीर लोकांना आहेत त्यापेक्षा कितीतरी गोड वाटले असते, असं तो म्हणे. गोडी मोजायला आपण जी पट्टी वापरतो तीसुद्धा जे चाखायला मिळालं त्यातूनच बनलेली असते. आणि बैलांना, घोड्यांना हात असते तर त्यांनी आपले देव बैलांसारखे, घोड्यांसारखेच काढले असते, हेही त्याचंच निरीक्षण.

इफेससचा हेराक्लायटस, इ.स.पू. 500च्या आसपासचा, समुद्राच्या पाण्याकडे बोट दाखवतो. माशांसाठी ते जीवन आहे, माणसासाठी विष. पाणी एकच. म्हणून तो मधाला गोड आणि कडू दोन्ही म्हणू शकतो. विरोधी गुण एकाच वस्तूत नांदतात, आणि त्यांच्या ओढाताणीतूनच वस्तू उभी राहते, धनुष्याची दोरी आणि काठी एकमेकींना ताणतात म्हणून धनुष्य होतं तशी. त्याचं नदीविषयीचं वाक्य प्रसिद्ध आहे. मला त्याचं दुसरं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या आत्म्याला भाषा कळत नाही, त्यांच्यासाठी डोळे आणि कान हे वाईट साक्षीदार आहेत, असा त्याचा आशय. तिथे त्याने वापरलेला शब्द आहे ‘बार्बारोस’, म्हणजे ग्रीक न येणारा परका माणूस. साक्षीदार खोटं बोलतोय असा हेराक्लायटसचा आरोप नाही. साक्षीदार त्याच्या भाषेत नीट बोलतोय. ऐकणाऱ्याला ती भाषा येत नाही.

साक्षीदार हा शब्द लक्षात ठेवावा. इथून पुढची सगळी हकिकत एखाद्या लांबलेल्या खटल्यासारखी आहे. त्यात इंद्रियं पिंजऱ्यात उभी आहेत आणि बुद्धी त्यांना प्रश्न विचारते आहे.

इंद्रियांना पिंजऱ्यातून हाकलूनच द्या, असं म्हणणारा माणूस इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एलिआ या ग्रीक वसाहतीत राहत होता. पार्मेनिडीज. त्याने आपलं तत्त्वज्ञान वीरकाव्याच्या छंदात, होमरच्या छंदात लिहिलं. एक तरुण रथात बसून देवीकडे जातो आणि देवी त्याला दोन मार्ग सांगते, एक सत्याचा आणि एक मर्त्य माणसांच्या समजुतींचा. सत्यासाठी तिचा शब्द आहे ‘अलेथेया’. ‘लेथे’ म्हणजे विसर, दडलेपण. त्याला नकार जोडला की जे दडलेलं नाही ते. आपल्याला मात्र तिचा युक्तिवाद वेगळ्या वाटेने ओळखीचा वाटतो, कारण आपला ‘सत्य’ हा शब्दच ‘सत्’पासून, असण्यापासून, आला आहे. देवी म्हणते, जे आहे ते आहे. जे नाही त्याचा विचारही करता येत नाही. मग काहीही ‘नाही’तून ‘आहे’त येऊ शकत नाही, ‘आहे’तून ‘नाही’त जाऊ शकत नाही. म्हणजे जन्म नाही, मृत्यू नाही, बदल नाही, हालचालही नाही. डोळ्यांना पानगळ दिसते, कानांना लाटा ऐकू येतात, तरी ही सवयीची वाट सोड आणि तर्कानेच निवाडा कर, असं ती बजावते.

इतकी कठोर मागणी त्याआधी कोणी केली नव्हती. आणि तरीही त्या काव्याची सुरुवात वाचताना मला दरवेळी एक गोष्ट थबकवते. रथ भरधाव निघाला आहे, चाकांच्या तुंब्यांमध्ये आस तापून लाल झाला आहे आणि बासरीसारखा शीळ घालतो आहे. कानावर विश्वास ठेवू नको हे सांगायला निघालेला कवी आपल्याला आधी आसाचा आवाज ऐकवतो. समजुतींच्या भागात तर तो चंद्राबद्दल लिहितो, की त्याचा प्रकाश परका आहे आणि त्याचं तोंड कायम सूर्याकडे असतं. आकाशाकडे रात्रीमागून रात्री डोळे लावल्याशिवाय हे कोणाला सुचणार?

हे काव्य आज दीडशेच्या आसपास ओळींमध्ये उरलं आहे, तेही मुख्यतः सिंप्लिसियस नावाच्या भाष्यकारामुळे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात त्याने मूळ पुस्तक दुर्मीळ झालंय म्हणून लांबलांब उतारे आपल्या भाष्यात उतरवून घेतले. पार्मेनिडीजनंतर हजार वर्षांनी एका माणसाला ही काळजी वाटली, म्हणून आपल्याला देवी बोलताना ऐकू येते.

पार्मेनिडीजचा शिष्य झेनो कासवाच्या शर्यतीसाठी ओळखला जातो. त्याचं एक कोडं कानाबद्दल आहे. वरीसारख्या बारीक धान्याचा एक दाणा जमिनीवर पडला तर आवाज होतो का? नाही. आणि पोतंभर धान्य ओतलं तर? होतो. मग एका दाण्याचं पोत्याशी काही प्रमाण असेल, तर त्याच्या आवाजाचंही असायला हवं. आवाज होतो आणि कान तो चुकवतो, की आवाज होतच नाही? ॲरिस्टॉटलने उत्तर दिलं, की पोतं जेवढी हवा हलवतं त्याचा प्रमाणशीर वाटा एकट्या दाण्याने हलवायलाच हवा असं नाही. हे उत्तर बरं आहे. तरीही रात्रीच्या शांततेत स्वयंपाकघराच्या फरशीवर दाणा टाकून मी कान देऊन पाहिलं आहे, आणि ऐकू आलं की आल्यासारखं वाटलं, हे मला ठरवता आलं नाही.

आता डिमॉक्रिटस. एजियन समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर थ्रेसमध्ये अब्डेरा हे त्याचं गाव, जन्म इ.स.पू. 460च्या सुमाराचा. त्याने पार्मेनिडीजला अर्धं मान्य केलं. जे आहे ते नष्ट होत नाही, बरोबर. पण ‘आहे’ हे एकसंध नाही. ते असंख्य अणूंचं आहे, ज्यांचे तुकडे होत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये पोकळी आहे. अणूंना आकार आहे, आकारमान आहे, गती आहे. रंग नाही, चव नाही, ऊब नाही. गोड, कडू, तांबडं, गार ही सगळी लोकांची रीत. खरं काय ते फक्त अणू आणि पोकळी.

म्हणून त्याचा मध गोडही नाही आणि कडूही नाही. पण गोड लागतो हे तर खरं ना, ते कसं? इथे त्याने हात झटकले नाहीत. ॲरिस्टॉटलचा वारस थिओफ्रॅस्टस याने इंद्रियांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात डिमॉक्रिटसची चवींची यादी सापडते. गोड चव गोल आणि फार बारीक नसलेल्या अणूंची. ते जिभेवरून हळुवार पसरतात. आंबट चव कोनदार अणूंची, म्हणून ती टोचते आणि तोंड आवळते. कडू अणू बारीक, गुळगुळीत, गोलसर, पण त्यांना आकडे असतात, म्हणून कडूपणा चिकटून बसतो. कारल्याची भाजी खाल्ल्यावर तोंडात जे रेंगाळतं, त्याला आकडा म्हणणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्याने चव निव्वळ मनातली ठरवून सोडली नाही; तिला जिभेवर जागा दिली.

थिओफ्रॅस्टसने त्याला नेमकं पकडलं. गोल अणूमुळे गोड लागतं म्हणतोस, तर तोच मध रोग्याला कडू का? गोल वस्तू एकाला गोल आणि दुसऱ्याला कोनदार कशी होईल? यावर डिमॉक्रिटसचं म्हणणंही थिओफ्रॅस्टसनेच प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. कोणत्याच पदार्थात एकाच आकाराचे अणू नसतात. मधात गोल जास्त असले तरी आकडेवालेही असतात. कोणते उठून जाणवतील हे त्यांच्या संख्येवर अवलंबून असतं, आणि ते ज्या शरीरात शिरतात त्याच्या अवस्थेवरही. म्हणजे काविळीच्या रोग्याची जीभ खोटं बोलत नाही. मधात जे थोडं होतं ते तिला सापडलं.

आणि मग डिमॉक्रिटसने ते केलं ज्यामुळे तो मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. त्याने इंद्रियांना बोलू दिलं. बुद्धीने त्यांच्यावर ठपका ठेवला होता, की रंग, गोडी, कडवटपणा हे सगळं तुमचं बनावट. त्यावर इंद्रियं तिला उलट विचारतात, की अगं बिचारे, तुझे सगळे पुरावे तू आमच्याकडूनच घेतेस आणि आम्हालाच पाडायला निघालीस? आम्ही पडलो तर तूही पडशील. हा तुकडा गेलन या वैद्याच्या लिखाणात टिकून राहिला आहे. ज्या माणसाने आयुष्यभर बुद्धीच्या बाजूने खटला लढवला, त्याने विरुद्ध बाजूचा सर्वांत बिनतोड मुद्दा स्वतःच्या हाताने लिहिला. विसाव्या शतकात पुंजभौतिकी घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या एर्विन श्रोडिंजरने ग्रीक विचारांवरच्या आपल्या व्याख्यानांत हाच तुकडा पुढे ठेवला. ज्याच्या समीकरणांत रंगही नव्हता आणि चवही नव्हती, त्याला तो टोचावा हे साहजिक आहे. अणूंचं अस्तित्व पटवणारा प्रत्येक प्रयोग शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांनी वाचलेला काटा असतो.

प्रोटॅगोरसही अब्डेराचाच, डिमॉक्रिटसपेक्षा वयाने मोठा. सर्व गोष्टींचं माप माणूस आहे, हा त्याचा सिद्धान्त. तो अथेन्समध्ये आला, फी घेऊन शिकवू लागला आणि तरुणांच्या गळ्यातला ताईत झाला. त्याचं पुस्तक हरवलं. त्याला अमर केलं ते त्याच्या विरोधकाने, प्लेटोने, ‘थिएटेटस’ या संवादात.

या संवादाची चौकट विसरता येत नाही. कॉरिंथजवळच्या लढाईत जखमी झालेला आणि हगवणीने खंगलेला थिएटेटस जिवंत असतानाच पालखीवरून अथेन्सला नेला जातो आहे. वाटेत त्याला भेटलेला एक मित्र घरी येऊन जुनी वही काढतो आणि गुलामाकडून वाचून घेतो. त्या वहीत थिएटेटस अजून पोरगा आहे, चपट्या नाकाचा, बटबटीत डोळ्यांचा, दिसायला अगदी सॉक्रेटिससारखा, आणि गणितात असामान्य. ज्या लांबींना कोणत्याही समान मापाने मोजता येत नाही, त्यांचा तो अभ्यास करतो. हेही या विषयाशी जुळतं : चौरसाची बाजू आणि कर्ण यांचं प्रमाण पूर्णांकांत बसत नाही, हे जगातल्या कोणत्याही दोरीने मोजून डोळ्यांना दिसणार नाही. ते फक्त सिद्ध करता येतं.

सॉक्रेटिस विचारतो, ज्ञान म्हणजे काय? पोरगा म्हणतो, जाणवणं म्हणजेच ज्ञान. सॉक्रेटिसला त्यात प्रोटॅगोरस ऐकू येतो, आणि तो वाऱ्याचं उदाहरण देतो. एकच वारा सुटलेला असतो आणि आपल्यातला एक कुडकुडतो, दुसरा नाही. मग वारा स्वतः गार म्हणायचा की नाही? प्रोटॅगोरसचं उत्तर साधं आहे. कुडकुडणाऱ्यासाठी गार, दुसऱ्यासाठी नाही. आणि खरं सांगायचं तर ज्याला थंडी वाजते त्याला ‘तुला वाजत नाही’ असं सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याची साक्ष त्याच्या अंगाबद्दल आहे, आणि तिथे तोच एकमेव साक्षीदार.

सॉक्रेटिस हे उडवून लावत नाही. उलट तो मेलेल्या प्रोटॅगोरसच्या वतीने स्वतः उभा राहतो आणि त्याची बाजू पुन्हा बांधतो, ती खूप वरच्या दर्जाची. मग एक प्रश्न टाकतो, आणि माझ्या मते हा सगळ्या संवादातला सर्वांत धारदार. आत्ता मला कसं वाटतंय याचं माप मीच, कबूल. पण उद्याचं काय? रोगी म्हणतो, मला ताप चढणार. वैद्य म्हणतो, नाही चढणार. दोघेही आपापल्यापुरते खरे कसे? उद्या ताप एकतर चढेल किंवा नाही. यंदाची दारू गोड उतरेल की आंबट, यात द्राक्षं पिकवणाऱ्याचं मत चालेल, वीणावादकाचं नाही. जेवण चाखून झाल्यावर कसं लागलं ते पाहुणा सांगेल. कसं होईल ते आचारी सांगेल. जाणवणं प्रत्येकाचं असतं; जाणणं काहींचंच असतं, आणि ते उद्या उघडं पडतं.

मग तो आणखी आत जातो. आपण डोळ्यांनी बघतो असं म्हणतो, पण नीट म्हणायचं तर डोळ्यांच्या वाटे बघतो. नाहीतर ट्रॉयच्या लाकडी घोड्यात सैनिक बसावेत तशी आपल्या आत इंद्रियं सुटी-सुटी बसलेली असतील, आणि त्यांना एकत्र आणणारं कोणी नसेल. रंग डोळ्याला कळतो, आवाज कानाला. पण रंग आणि आवाज ही दोन आहेत, एकमेकांहून वेगळी आहेत, आणि दोन्ही ‘आहेत’, हे कोणत्या इंद्रियाला कळतं? खारटपणा तपासायला जीभ आहे. ‘वेगळेपणा’ चाखायला कोणतंच इंद्रिय नाही. थिएटेटस विचार करून म्हणतो, मला वाटतं ते आत्मा स्वतःच पाहतो. सॉक्रेटिस त्याला म्हणतो, तू सुंदर आहेस. जो सुंदर बोलतो तो सुंदर. चपट्या नाकाच्या त्या पोराला हे कोणी तरी म्हणावं, म्हणून मला ही जागा आवडते.

‘आहे’ हा शब्द उच्चारल्याशिवाय सत्य नाही, आणि ‘आहे’ हे इंद्रियांच्या वाट्याला येत नाही. म्हणून जाणवणं म्हणजे ज्ञान नव्हे. इतकं ठरतं. ज्ञान म्हणजे काय, हे मात्र संवादाच्या शेवटापर्यंत ठरत नाही. सॉक्रेटिस उठतो, कारण त्याच्यावर दाखल झालेल्या फिर्यादीसाठी त्याला न्यायाधिकाऱ्याकडे जायचं असतं. पुढे याच खटल्यात इ.स.पू. 399मध्ये त्याला विष प्यावं लागलं.

ॲरिस्टॉटल प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षं राहिला, पण तो वैद्याचा मुलगा होता आणि इंद्रियांशी त्याचं वैर नव्हतं. बाह्य वस्तू आणि जाणीव यांच्यातलं नातं त्याने मेणावरच्या मुद्रेने समजावलं : अंगठीचा ठसा मेणावर उमटतो, पण अंगठीचं सोनं मेणात येत नाही. तसं इंद्रिय वस्तूचं रूप घेतं, द्रव्य नाही. डिमॉक्रिटस म्हणत असे, डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये निव्वळ पोकळी असती तर आकाशावर चालणारी मुंगीदेखील स्पष्ट दिसली असती. ॲरिस्टॉटलने उलट सांगितलं, मध्ये काहीच नसेल तर काहीच दिसणार नाही. पाहण्याला माध्यम लागतं. या बाबतीत दोघेही चुकले, तरी त्या मुंगीसाठी मी डिमॉक्रिटसच्या बाजूने.

ॲरिस्टॉटलने सांगितलेली एक फसगत घरबसल्या करून बघता येते. तर्जनीवर मधलं बोट चढवून बोटांची फुली करावी, डोळे मिटावेत, आणि दोन टोकांच्या बेचक्यात एक सुका वाटाणा ठेवून हळूहळू फिरवावा. थोड्याच वेळात वाटाणे दोन आहेत असं वाटू लागतं. कारण या दोन बोटांच्या बाहेरच्या कडा एरवी एकाच वस्तूला एका वेळी लागत नाहीत. त्या दोन्ही लागल्या म्हणजे वस्तू दोन, हा हिशेब हाताला जन्मभर पाठ असतो. डोळे उघडले की वाटाणा एकच. आणि गंमत अशी, की एकच आहे हे माहीत असूनही स्पर्श दोनच सांगत राहतो. ॲरिस्टॉटलचा निष्कर्ष असा, की इथे दृष्टीचा अधिकार स्पर्शापेक्षा वरचा. स्पर्शाची साक्ष फेटाळली जाते, पण दुसऱ्या साक्षीदाराच्या आधाराने. तर्काने एकट्याने नाही.

मधाच्या आणि दारूच्या वादावरही त्याचं उत्तर असं शांत आहे. पदार्थ बदलतो किंवा शरीर बदलतं, म्हणून तीच दारू आज गोड आणि उद्या गोड नाही. पण गोड म्हणजे काय, ते बदलत नाही. आणि लिबियात झोपलेल्या माणसाला आपण अथेन्समध्ये असल्याचं स्वप्न पडलं, तरी जाग आल्यावर तो अथेन्सच्या संगीतगृहाकडे चालू लागत नाही. स्वप्न आणि जाग यांतला फरक सिद्ध करता येत नाही म्हणणारेसुद्धा पायांनी तो रोज पाळतात.

त्याचा शिष्य अलेक्झांडर इ.स.पू. 326मध्ये तक्षशिलेला पोचला. त्याच्या लवाजम्यात एलिस गावचा पिऱ्हो होता. भारतातल्या नग्न तपस्व्यांशी त्याची भेट झाली आणि त्यातून त्याची निवाडा स्थगित ठेवण्याची वृत्ती तयार झाली, असं डायोजिनीस लायर्शियस हा चरित्रकार लिहितो. त्याहून पुढे जाऊन काही ठामपणे सांगावं इतका पुरावा नाही. पिऱ्होच्या नावाने पुढे संशयवादाचा एक पंथ उभा राहिला, आणि सेक्स्टस त्याच पंथाचा.

संशयवाद्यांना समोरून भिडले ते स्टोइक. सायप्रसहून आलेला झेनो, एलिआच्या झेनोहून हा वेगळा, अथेन्समध्ये चित्रांनी सजलेल्या एका ओसरीत शिकवत असे. ज्ञानाचे टप्पे तो हाताने दाखवायचा. उघडा पंजा म्हणजे ठसा. बोटं किंचित मिटली की संमती. घट्ट मूठ म्हणजे आकलन. आणि दुसऱ्या हाताने ती मूठ आवळली की ज्ञान, जे फक्त शहाण्यालाच साधतं. काही ठसे इतके स्वच्छ असतात की ते खोट्या वस्तूकडून येऊच शकत नाहीत, हा स्टोइकांचा पाया. इजिप्तच्या टॉलेमी राजाने त्यांच्यातल्या स्फीरस नावाच्या तत्त्वज्ञापुढे मेणाची डाळिंबं ठेवली. स्फीरसने हात पुढे केला आणि राजा ओरडला, खोट्या ठशाला संमती दिलीस! स्फीरस म्हणाला, ही डाळिंबं आहेत याला मी संमती दिली नव्हती. ती डाळिंबं असणं संभवनीय आहे, एवढ्याला दिली होती. स्टोइकांना ही कथा अडचणीची होती. पण त्या उत्तरात एक नवी वाट उघडलेली दिसते, आणि त्या वाटेने गेला तो त्यांचा सर्वांत मोठा विरोधक.

कार्नियाडीज इ.स.पू. दुसऱ्या शतकात प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख होता. स्वतः त्याने काही लिहिलं नाही. जे आहे ते शिष्यांकडून आणि सेक्स्टसकडून आलेलं. पूर्ण खात्रीचा ठसा कोणताच नाही, हे त्याला मान्य होतं. मग जगायचं कसं? त्याचं उदाहरण वाचताना मराठी वाचक दचकेल. माणूस अंधाऱ्या खोलीत शिरतो. पायाशी वेटोळं दिसतं. साप! तो उडी मारून पलीकडे जातो. मग वळून पाहतो. वेटोळं हलत नाही. म्हणजे बहुधा दोर. पण कडाक्याच्या थंडीत सापसुद्धा गारठून निपचित पडतात. म्हणून तो काठी घेऊन वेटोळं ढोसतो. तरी हलत नाही. तेव्हा कुठे तो मान्य करतो, की हा साप नव्हे.

दोर आणि साप वेदान्तात आहेत, ज्ञानेश्वरीतही आहेत, आणि शंकराचार्यांच्या शेकडो वर्षं आधी ते अथेन्समध्येही होते. कोणी कोणाकडून घेतले हे मला शोधायचं नाही. अंधार आणि दोर दोन्हीकडे होते. फरक पुढचा आहे. वेदान्तात दिवा लागतो, दोराचं ज्ञान होतं आणि साप त्या क्षणी नाहीसा होतो, जणू कधी नव्हताच. कार्नियाडीजच्या खोलीत दिवा लागत नाही. तिथे फक्त काठी आहे.

आणि ही काठी केव्हा, किती वेळा वापरायची, यासाठी त्याने चावडीवरचा व्यवहार पुढे ठेवला. मामला किरकोळ असेल तर आपण एका साक्षीदाराला विचारून मोकळे होतो. मोठा असेल तर अनेकांना विचारतो. आणि फारच मोठा असेल तर एकेका साक्षीदाराची इतरांच्या साक्षीवरून उलटतपासणी घेतो. डोळा, कान, स्पर्श, आठवण, शेजारच्याचा शब्द : प्रत्येकाला पुन्हा पिंजऱ्यात बोलवायचं आणि दुसऱ्याने काय सांगितलं ते त्याला ऐकवायचं. खोलीतला माणूस तेच करत होता. हलत नाही, असं डोळ्याने सांगितलं. थंडीत सापही हलत नाही, असं आठवणीने हटकलं. म्हणून हातात काठी आली, आणि तिच्या टोकाकडून उत्तर मिळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.